भगीरथ गुरुजींचे उपवासाचे रातकिडे

या, असे पुढे सरका. टाळ घटकाभर मांडीवर राहू द्या. बुवांची गाडी आत्ता कुठे मुरबाड सोडते आहे म्हणतात, म्हणजे तासभर तरी आपला आहे. तेवढ्यात तुम्हाला भगीरथ गुरुजींची आणि त्यांच्या रातकिड्यांची गोष्ट सांगतो. मध्ये हसू आलं तर खुशाल हसा, देवाच्या दारात हसायला बंदी नाही. शेवटी मात्र एक नाव सांगेन, ते जपून घरी न्या.

भगीरथ वेखंडे गुरुजी राहायला किन्हवलीत आणि शिकवायला शेणव्याच्या शाळेत. गळ्यात तुळशीची माळ. कांदा, लसूण, मसुरीची डाळ घरात वर्ज्य. एकादशी पंधरवड्यातून एकदा येते याचंच त्यांना वाईट वाटायचं. माघातल्या सप्ताहात वीणा त्यांच्या खांद्यावर असे, आणि कीर्तनाचं वेड असं की वर्गात पोरं तेराचा पाढा चालीवर म्हणत आणि शेवटी आपसूक हात जोडत. माणूस सोन्यासारखा. खोड एकच. रात्री कीर्तनात जे ऐकलं ते सकाळी दुसऱ्या कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

या खोडीपायीच सत्त्याण्णव सालच्या सव्वीस जानेवारीला घोटाळा झाला. किन्हवलीच्या कडेला एक वाडी आहे. रानावर आणि मजुरीवर जगणारी माणसं, दिवाळी झाली की निम्मी घरं वीटभट्टीवर. झेंडावंदन आटोपून गुरुजी वाडीत गेले. आदल्या रात्रीच भूतदयेवर कीर्तन झालेलं. समोर सोमी नावाची म्हातारी चुलीच्या निखाऱ्यावर शेतातले मोठे तांबडे रातकिडे भाजत बसली होती, आणि तिची दोन वर्षांची नात बाळी एकेक तंगडी कुरकुर चावत होती. गुरुजींना राहवलं नाही. ओट्यावर चढून त्यांनी अर्धा तास असं काही भाषण केलं, की सोमीचा नवरा कमळू डोळे पुसू लागला.

"आजपासून या वाडीत कुणी किडामुंगी तोंडात घालणार नाही. कबूल?"

"कबूल," वाडी म्हणाली.

गुरुजी घरी आले आणि विसरून गेले. भाषण करणाऱ्याचं असंच असतं. वाडी मात्र विसरली नाही. सोमीच्या मुलाला, जाणूला, याच गुरुजींनी सही करायला शिकवलं होतं. तिच्या लेखी त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

श्रावणात गुरुजी आपला गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले होते. पुढे सोमी, कडेवर बाळी. पोरीचे हातपाय काड्यांसारखे आणि डोळे तेवढे मोठे. अंगणवाडीच्या दिपालीताईंनी वजनाचं कार्ड देऊन पाठवलं होतं. त्यावरची रेघ सहा महिने आडवी चालली होती. डॉक्टरांनी विचारलं, "खाते काय ही?"

"भात. कोरा. अंगणवाडीची सुकडी थुकून टाकते."

"आधी काय खायची आवडीनं?"

"रातकिडं खायची ना भाजलेलं. वाटीभर."

"मग बंद का केलं? पोराच्या अंगी लागणारं तेवढंच तर होतं तिच्या पानात!"

सोमीने मान वळवून गुरुजींकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं. त्यात राग नव्हता. 'आता पुढं काय करायचं, गुरुजी?' एवढंच होतं.

बाहेर आल्यावर गुरुजी म्हणाले, "सोमे, घाल बाई तिला. मी काही म्हणणार नाही."

"असं गुपचूप नाय, गुरुजी. तुमी ओट्यावर चढून सगल्यांसमोर सांगलं, आमी सगल्यांसमोर कबूल केलं. आता सगल्यांसमोर परत घ्या. बाकीची पोरं पन हायेत ना वाडीत."

किती साधं मागणं! पण अठ्ठावीस वर्षं शिकवलेल्या माणसाला 'मी चुकीचं सांगितलं' हे वाक्य म्हणजे घशातलं माशाचं हाड, आणि गुरुजी तर मासाही खात नव्हते. शिवाय माळकऱ्याने उठून लोकांना किडे खा म्हणून सांगायचं? दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी पूजा करताना त्यांना एक पळवाट सुचली आणि तिला ते दृष्टांत म्हणाले.

बंदी होती ती रानातल्या, वाटेल ते खाणाऱ्या किड्यांवर. पण घरात वाढवलेले, सात्त्विक अन्नावर पोसलेले किडे असतील तर? जसं अन्न तसं मन, हे तर शास्त्र. मग जसं अन्न तसं मांसही! शब्द मोडायला नको, पोरगीही जगेल.

सोमी म्हणाली, "नियम तुमचा, पलवाट पन तुमचीच. आमी काय बोलनार?"

आता उद्योगाला सुरुवात झाली. कमळूने रानातून बारा जोड्या पकडून दिल्या. ठेवायला लग्नातली पत्र्याची ट्रंक निघाली. गुरुजींच्या पत्नी छायाबाईंनी तिच्यातला शालू काढून घेतला आणि त्या दिवशीपुरतं बोलणं बंद केलं. अंडी घालायला ओली रेती ठेवली. कमळू म्हणाला, ह्यांना दडायला फटी पायजेत. आणि रातकिड्यांना सगळ्यात आवडणारी फट कोणती, तर अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधली.

मंडळी, माळकरी माणूस बाजाराच्या दिवशी अंड्यांच्या दुकानापुढे उभा राहिला आहे हे चित्र डोळ्यांपुढे आणा. गुरुजींनी उपरणं तोंडावरून घेतलं होतं, त्यामुळे ते लांबूनही ओळखू येत होते.

"सहा ट्रे द्या."

"सहा? घरात काय आहे, गुरुजी?"

"अंडी नकोत. नुसते ट्रे."

दुकानदार समजूतदार. डोळा बारीक करून म्हणाला, "पिशवीत देतो. कुणाला दिसायचं नाही."

दिवेलागणीच्या आत गावभर झालं की गुरुजी अंडी खातात, आणि तीही सहा ट्रे. शेजारचा हनुमान भोईर रोज आसनगावहून मुंबईला कामाला जाणारा, जगातलं सगळं ठाऊक असलेला. तो कुंपणावरून म्हणाला, "गुरुजी, खायचं तर बिनधास्त खा ना. टेन्शन कायको? माझा साहेब पण माळकरी आहे, ऑम्लेट खाताना माळ शर्टाच्या आत टाकतो." खरा प्रकार कळल्यावर तर त्याने धोशाच लावला. "योजना असणार यावर. सरकारची प्रत्येक गोष्टीवर योजना असते. फॉर्म भरा."

गुरुजी तालुक्याच्या एका कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने त्यांना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेलं. कोंबडी, शेळी, गाय असेल तर हे टेबल. भात असेल तर ते. मधमाशी असेल तर बाहेरचा जिना.

"रातकिडे," गुरुजी म्हणाले.

"पडलेत का?"

"नाही, पाळलेत. वाढवायचे आहेत."

कारकुनाने चष्मा काढून पुसला. "हे बघा, किडीसाठी आमच्याकडे एकच रकाना आहे." आणि त्याने तो भरला. पंधरा दिवसांनी गुरुजींच्या दारात तत्परतेने एक फवारणी पंप आणि कीटकनाशकाची बाटली येऊन पडली. सोबत मार्गदर्शन करायला एक तरुण साहेब. त्याने ट्रंकेत डोकावून गंभीरपणे सांगितलं, "प्रादुर्भाव फारच आहे," आणि पंपाला दट्ट्या मारायला सुरुवात केली. आयुष्यात कुणाला वेडंवाकडं न बोललेले गुरुजी त्या दिवशी ट्रंकेवर आडवे पडले आणि ओरडले, "आधी माझ्यावर मारा!" तरुणाने शेऱ्यात लिहिलं, 'शेतकरी सहकार्य करत नाही.'

असो. मुख्य गोष्ट खाण्याची.

गुरुजींनी किड्यांचं पथ्य स्वतः ठरवलं. सकाळी नैवेद्याचा शिरा, दुपारी साखरभात, संध्याकाळी केळ्याचा काप आणि खडीसाखर. डाळ द्यावी असं छायाबाईंनी एकदा सुचवलं, पण घरात त्या दिवशी नेमकी शेजारून आलेली मसूर होती. ती किड्यांनाही वर्ज्य ठरली, आणि तिच्यापाठोपाठ सगळ्याच डाळींवर संशय गेला. आणि एकादशीला? एकादशीला ट्रंकेत साबुदाण्याची खिचडी. भाद्रपदातल्या एका एकादशीला तर निर्जळी. ओला कापूससुद्धा काढून घेतला.

"अहो, मुके जीव आहेत ते," छायाबाई म्हणाल्या.

"म्हणूनच. त्यांना स्वतःहून करता येत नाही, आपण करवून घ्यायचं. पुण्य त्यांचंच."

दिवाळीपर्यंत किडे दोनशेच्या वर गेले. फिकट, गुबगुबीत, तुळतुळीत. सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यांसारखे एका जागी बसून असत. गुरुजी कौतुकाने म्हणत, "पाहिलंत? उडी मारायचीही वासना उरली नाही."

मग एके दिवशी त्यांनी मोजले तर, बाळीसाठी काढलेले धरूनही, दोनशेचे दीडशे झाले होते. चार दिवसांनी सव्वाशे. ट्रंकेला भोक नव्हतं, मांजराने झाकण उघडलेलं नव्हतं. कार्तिकातल्या एकादशीला सकाळी गुरुजींनी झाकण उचललं आणि त्यांचा हात तसाच राहिला. खिचडी जशीच्या तशी होती. तिच्या शेजारी एका रातकिड्याने नुकतीच कात टाकली होती, अंग अजून पांढरं, लोण्यासारखं मऊ. आणि त्याचे तिघे भाऊबंद त्याला शांतपणे खात होते. एकाने तर साबुदाण्याचा दाणा पायाने बाजूला सारला, वाट मोकळी करण्यासाठी.

गुरुजी जमिनीवर बसले. ज्या घरात तीन पिढ्या अंड्याचं टरफल आलं नव्हतं, त्या घरात, उपवासाच्या दिवशी, देवघरापासून सात पावलांवर हे चाललं होतं. ते छायाबाईंना एवढंच म्हणाले, "यांच्यात काहीतरी माझंच चुकलं." आणि दिवसभर पाणीही प्यायले नाहीत.

इकडे बाळी गुरुजींचे किडे सहा आठवडे खात होती. अंगणवाडीत आढ्याला काटा टांगलेला, त्याच्या झोळीत तिला दर पंधरा दिवसांनी बसवत. गुरुजी काट्याकडे असे पाहत की जणू त्यांच्याच दहावीचा निकाल आहे. दिपालीताई कार्डावर ठिपका देत. आडवा. पुन्हा आडवा.

सोमीने तिथेच एक भाजलेला किडा दोन बोटांत धरून चेपला. बोटांना तेल लागलं. मागे उरलं ते नुसतं फोलपट.

"गुरुजी, तुमी काय घालता ओ ह्यांना?"

गुरुजींनी पथ्य सांगितलं. एकादशीसकट, आणि त्या दिवशी ट्रंकेत दिसलं तेही. ऐकून सोमी हसली नाही. वाडीतल्या दोघी तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या, सोमी मात्र हळूच म्हणाली, "तुमी त त्यांना उपाशी ठेवलं, गुरुजी. साखरंनं अंग सुजतं, जीव नाय भरत. त्यो बिचारा आपल्याच भावाला खाया लागला. ज्याच्या पोटात काय नाय, त्यो माज्या बालीच्या पोटात काय घालनार?"

अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं, मंडळी! गुरुजी मान खाली घालून ऐकत राहिले.

सोमीने त्यांतले वीस किडे फडक्यात बांधून नेले. घरी चुलीच्या उबेला मडक्यात ठेवले. घालायला शेवग्याचा पाला, नाचणीचा कोंडा, उडदाची टरफलं, आणि चिमूटभर सुकटीचा चुरा. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. तिचं नाव ऐकूनच गुरुजींनी माळेला हात लावला. पौषापर्यंत नवी पिढी झाली. काळपट, कडक, मडक्याचं झाकण उचललं की अंगावर उडी मारणारी. आपसात मात्र एकानेही दुसऱ्याची तंगडी धरली नाही.

गुरुजी कितीही झालं तरी विज्ञानाचे. दोन्हींकडचे किडे वाळवून, कुटून, दोन डब्या घेऊन ते कल्याणच्या एका प्रयोगशाळेत गेले.

"काय आहे? बेसन?" तिथल्या माणसाने विचारलं.

"नाही. पूड आहे."

"कसली पूड?"

खोटं तर बोलायचं नव्हतं. "ईश्वराची निर्मिती," गुरुजी म्हणाले. त्याने 'इतर' लिहिलं.

कागद आला. दोन्ही डब्यांत एकाच जातीचे, एकाच वंशाचे किडे. पण सोमीच्या डबीत प्रथिनं गुरुजींच्या डबीपेक्षा कितीतरी जास्त, लोहही जास्त. गुरुजींच्या डबीत चरबी तेवढी पुढे. गुरुजींनी तो कागद सोमीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "ह्याला कागद कशाला? बोटाला कलतं." मग मडक्यावर झाकण ठेवून ती उठली. "पन ह्ये सुकट खाल्लेलं हायेत. तुमच्या पलवाटंत बसत नाय. आता त बोला, गुरुजी. ह्या साली नाय बोललात त माजी बाली पुढच्या साली ऐकाया नाय ऱ्हायची."

गुरुजी म्हणाले, "सप्ताह होऊ दे." माणसाला चांगलं काम पुढे ढकलायला देवाचंच निमित्त सापडतं, याचं नवल वाटतं मला.

माघातला सप्ताह आला. धसईचे धर्माबुवा कीर्तनाला आले आणि रिवाजाप्रमाणे गुरुजींकडे उतरले, आतल्या खोलीत, त्या ट्रंकेशेजारच्या खाटेवर. उरलेसुरले किडे अजून ट्रंकेत होते. फेकावेत तर हत्या, सोडावेत तर थंडी. सोमीचा पाला घालायला लागल्यापासून त्यांना कंठ फुटला होता. धर्माबुवा सकाळी छायाबाईंना म्हणाले, "फार पवित्र वास्तू आहे तुमची. सारखा कुणीतरी झांज वाजवतंय असं वाटतं." दुसऱ्या रात्री त्यांनी पगडी ठेवायला जागा शोधली. ट्रंक दिसली. उघडली, अंधारात काही दिसलं नाही, पगडी आत ठेवली आणि सप्ताहातल्या माणसाला लागते तशी गाढ झोप काढली.

सकाळी काल्याचं कीर्तन. अंगणभर गाव आणि पायऱ्यांच्या खाली वाडी, बाळीला मांडीवर घेऊन सोमी. गुरुजी वीणा घेऊन उभे. बुवांनी हात वर केला, मृदंग थांबला, सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत बुवांच्या पगडीतून आवाज आला: किर्रर्र.

बुवांनी 'राम कृष्ण हरी' म्हटलं. पगडीने साथ दिली. टाळकरी एकमेकांकडे पाहू लागले. पुन्हा मृदंग, पुन्हा विराम, पुन्हा किर्रर्र, अगदी समेवर. हनुमान भोईर पुढे वाकून मोठ्याने कुजबुजला, "गुरुजी, तुमचा माल!"

बुवांनी पगडी काढली. एक काळपट रातकिडा बाहेर आला आणि नेमका वीणेच्या भोपळ्यावर जाऊन बसला.

"कुणाचा हा टाळकरी?" बुवांनी विचारलं.

गुरुजींना ठाऊक होतं की गप्प राहिलं तरी चालेल. रानातून आला म्हणतील. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं. बाळी मांडीवर झोपली नव्हती, नुसती पडून होती. त्या वयाचं पोर कीर्तनात गप्प पडून राहत नाही, ते मध्येच पळतं, आईचा मार खातं.

"माझा," गुरुजी म्हणाले. आणि वीणेसकट पायऱ्या उतरून वाडीसमोर जाऊन उभे राहिले. "गेल्या साली मी तुम्हाला एक खाणं सोडायला लावलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. आपल्या पोरांना काय द्यायचं ते ही सोमी माझ्यापेक्षा जास्त जाणते. मी चुकलो. माझा शब्द मी सगळ्यांसमोर परत घेतो. खा. पोरांना घाला." मग वळून त्यांनी माळेला हात घातला. "बुवा, आता ही गळ्यात ठेवायची की नाही, ते तुम्ही सांगा."

कुणीतरी 'अंडी, अंडी' असंही पुटपुटलं. बुवांनी पगडी झटकून पुन्हा डोक्यावर ठेवली.

"दोन दिवस तो माझ्या उशाशी भजन करत होता होय?" ते म्हणाले. "गुरुजी, देवानं ज्याच्या त्याच्या पानात वेगळं वाढलंय. दुसऱ्याच्या पानातलं उचलायचं काम त्यानं आपल्याला सांगितलेलं नाही. माळ राहू द्या. वीणा घ्या, खाली टेकू नका."

सोमीने कमरेची पुरचुंडी सोडली. तिने आधीच भाजून आणले होते. वर्षभर शब्द पाळलेल्या त्या बाईला आज शब्द सुटेल असं कुणी सांगितलं होतं? पण आणले होते खरे. बाळीच्या हातावर एक ठेवला. पोरीने वास घेतला, आणि मृदंगावर थाप पडायच्या आत सगळ्या अंगणाला ऐकू आलं: कुर्रुम.

चैत्रात कार्डावरची रेघ हलली. थोडीच, पण वर. वैशाखात बाळी अंगणवाडीच्या काट्याची झोळी ओढून पळाली, तेव्हा दिपालीताईंनी ओरडायचं सोडून गुरुजींना निरोप धाडला. गुरुजींनी ट्रंक धुऊन छायाबाईंना परत दिली. शालूला वास येतो असं त्या अजून म्हणतात.

ती बघा गाडी, बुवा आलेच. टाळ उचला. गुरुजींना लक्षात ठेवा असं मी म्हणत नाही, त्यांना वीणा आहे. सोमी मात्र चार वर्षांमागे गेली, तिचा ना फोटो कुठे, ना कुठल्या कागदावर नाव. प्रयोगशाळेच्या कागदावरही 'डबी क्रमांक दोन' एवढंच आहे. म्हणून आज प्रसादाला बसाल तेव्हा पहिला घास घेण्याआधी तिचं नाव एकदा मनात घ्या. सोमी. बस, एवढंच.